जुन्या गाडीची विजेची सीट : दोष कसा ओळखावा, दुरुस्ती कशी करावी

माझा धंदा कापडाचा. मोटारीच्या वायरिंगविषयी मी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण गेल्या हिवाळ्यात जो प्रसंग आला त्यामुळे हे काम मला एका उस्तादाच्या शेजारी स्टुलावर बसून पाहावे लागले. त्यांच्या हातात जे पाहिले आणि नंतर स्वतः करून ताडले, ते येथे लिहितो. आपली अनेक मुले गॅरेजमध्ये आणि ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात काम करतात. त्यांना हे उपयोगी पडेल, आणि ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांचे चार पैसे वाचतील.

प्रसंग असा. मालेगावात ग्रे कापडाचा सौदा आटोपून निघण्यापूर्वी गाडी धुण्यास दिली. धुणाऱ्या मुलाने खालची जाजमे काढण्यासाठी ड्रायव्हरची सीट बटणाने अगदी पुढे घेतली. ती परत मागे जाईना. बटण दाबले की ‘टक्’ असा आवाज, आणि बस्स. भिवंडीपर्यंतचा सारा रस्ता गुडघे स्टिअरिंगला टेकवून काढला. कसारा घाटात ब्रेकवरून पाय उचलताना गुडघा अडकत होता तेव्हा कळले की ही सीट म्हणजे श्रीमंती चोचला नव्हे. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर छाती आणि स्टिअरिंग यांत निदान 25 सेंटिमीटर अंतर असावे असे जाणकार सांगतात. माझ्या छातीपाशी त्याच्या निम्मेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो. तेथल्या मुलाने दहा-बारा वेळा बटण दाबून पाहिले. शेवटी ‘टक्’ हा आवाजही बंद झाला. सीट न उघडताच निदान झाले : मोटर जळाली, मोटर सुटी मिळत नाही, रेलसकट पूर्ण संच मागवावा लागेल, 62 हजार रुपये. गाडी 2004 सालची. तिची आजची किंमत काय आणि त्यातले 62 हजार सीटला काय! मी गाडी परत घेतली. माझा भाचा म्हणाला, “मामू, कुर्ल्याला एक जुने उस्ताद आहेत, त्यांना एकदा दाखवा.” तेथे गेल्यावर काय निघाले ते पुढे येईलच. आधी ही वस्तू चालते कशी ते पाहू, कारण ते कळले की निम्मा दोष आपोआप सापडतो.

चालते कशी

सीटखाली 12 व्होल्टच्या लहान डी. सी. मोटरी असतात. सीट पुढे-मागे करण्यास एक, पुढची कड उचलण्यास एक, मागची कड उचलण्यास एक आणि पाठीसाठी एक, अशी साधारण मांडणी असते. आतील चुंबक कायमचे असल्यामुळे मोटरला दोनच वायरी पुरतात. वायरींची दिशा उलटली की मोटर उलटी फिरते. ही उलटापालट करणे एवढेच स्विचचे काम. बटण दाबलेले नसते तेव्हा बहुतेक गाड्यांत मोटरच्या दोन्ही वायरी स्विचमधून अर्थला जोडलेल्या असतात. पुढे दाबले की एका वायरीला अर्थऐवजी करंट मिळतो आणि दुसरी अर्थवरच राहते. मागे दाबले की त्याच्या उलट. ही एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवावी, पुढे तिच्यावरच बराच निवाडा होणार आहे.

मोटरचे फिरणे सीटपर्यंत पोहोचते ते दोन तऱ्हांनी. काही गाड्यांत मोटर रेलमधल्या लांब आट्यांच्या दांड्याला थेट फिरवते. काहींत मोटर मध्यभागी असते आणि तिच्यातून दोन्ही बाजूंच्या गिअरपेटीकडे लवचीक केबल जाते. ही केबल जुन्या स्पीडोमीटरच्या केबलसारखी असते, बाहेर नळी आणि आत चौकोनी टोकाची तार.

मर्सिडीजने 1979 साली आणलेल्या एस-क्लासमध्ये दरवाज्यावर सीटच्याच आकाराची बटणे बसवली. पाठ मागे हवी तर बटणाची पाठ मागे ढकलायची, शिकवावे लागत नाही. 1995 पासून पुण्यात ई-क्लास गाड्या जोडल्या जाऊ लागल्या आणि त्यानंतर परदेशी कंपन्यांच्या मोठ्या गाड्या वाढत गेल्या. त्या आता तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे आहेत. आपल्या कारागिरांकडे येणारे काम हेच आहे.

हत्यार उचलण्यापूर्वी

सर्वांत आधी एअरबॅगची बाब. पुष्कळ गाड्यांत सीटच्या कुशीत एअरबॅग असते, बेल्टच्या बक्कलमध्ये बारूदाचा टेन्शनर असतो. यांचे कपलर बहुधा पिवळे असतात. सीट काढण्यापूर्वी चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी आणि कंपनीच्या पुस्तकात सांगितलेला वेळ थांबावे. पुस्तक नसेल तर दहा-पंधरा मिनिटे तरी थांबावे. पिवळ्या कपलरला टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावू नये, मीटरचा बारीकसा करंटही नको. पिवळा कपलर सुटा असताना चावी फिरवू नये, नाहीतर डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि तो घालवण्यासाठी स्कॅनरवाल्याकडे जावे लागते. ड्रायव्हरच्या सीटला पुष्कळदा चावीशिवाय थेट करंट असतो, त्यामुळे तपासणी चावी न लावता होऊ शकते.

आता उस्तादांनी माझ्या गाडीत पहिले काय केले ते सांगतो. इंजिन चालू केले, म्हणजे बॅटरीच्या अशक्तपणाचा संशय राहू नये. मग दरवाजा उघडा ठेवून छताचा दिवा लावला आणि बटण एकदाच दाबले. दिवा मंद झाला. ते म्हणाले, “शेठ, मोटर जिवंत आहे. हिला कोणी धरून ठेवले आहे.”

हे कसे कळले? मोटर तुटलेली असेल, वायर सुटलेली असेल किंवा फ्यूज उडालेला असेल तर करंट जाणारच नाही आणि दिवा जरासुद्धा हलणार नाही. दिवा मंद होतो तो भरपूर करंट खेचला जात असल्यामुळे. करंट जातो पण मोटर फिरत नाही, म्हणजे ती अडकली आहे. अडकलेली मोटर चालत्या मोटरच्या कितीतरी पट करंट खाते. (नव्या तऱ्हेचा एल. ई. डी. दिवा असेल तर तो मंद होणार नाही, अशा वेळी बॅटरीवर मीटर लावून आकडा पडतो का ते पाहावे.)

मग आदल्या दिवशी वर्कशॉपमध्ये ‘टक्’ही का बंद झाले? अशा मोटरीत तापमानाने तुटणारा एक रक्षक बसवलेला असतो. अडकलेली मोटर पुन्हा पुन्हा दाबली की ती तापते, रक्षक करंट तोडतो आणि मोटर मेल्यासारखी होते. तास-दोन तास थंड झाली की पुन्हा जिवंत. त्या मुलाने मोटर तापवली आणि तापलेल्या मोटरला जळालेली म्हटले. त्याने लबाडी केली असे मी म्हणणार नाही, त्याला हे कोणी शिकवलेच नव्हते. पण ग्राहकाच्या खिशाला दोन्हीचा भार सारखाच.

म्हणून पहिला नियम असा की बटण दोन-तीन सेकंदांहून जास्त दाबून धरू नये, आणि मेलेल्या मोटरला थंड होऊ दिल्याशिवाय मेलेली म्हणू नये.

आवाजावरून निवाडा

मोटर गरगर फिरल्याचा आवाज येतो पण सीट हलत नाही, तर वीज ठीक आहे. केबल निसटली आहे किंवा गिअरचे दाते गेले आहेत. ‘टक्’ होते आणि दिवा मंद होतो, तर अडथळा. ‘टक्’ होते पण दिवा मंद होत नाही, तर स्विच किंवा रिलेपुढची वायर, कपलर किंवा मोटरचे कार्बन तपासावेत. काहीच नाही आणि सीटची सगळीच कामे बंद, तर फ्यूज, मुख्य कपलर किंवा अर्थ. सीट पुढे जाते पण मागे येत नाही, तर वर लिहिलेले आठवावे : त्याच मोटरला त्याच दोन वायरींतून दोन्हीकडे फिरायचे असते. एका दिशेने फिरते म्हणजे मोटर, वायरी, फ्यूज आणि अर्थ सगळे शाबूत. दोष स्विचच्या एका पत्रीत, नाहीतर त्या दिशेला अडथळा. अशा गाडीला नवीन मोटर घालणारा कारागीर ग्राहकाचेही नुकसान करतो आणि स्वतःच्या नावाचेही.

शेजारच्या सीटलाही वीज असेल तर आणखी सोपे. दोन्ही सीटच्या मोटरी आणि कपलर सारखे असतील तर चालत्या बाजूची मोटर बंद बाजूच्या कपलरला लावून पाहावी. चालली तर दोष मोटरीत, नाही चालली तर अलीकडे.

फ्यूज, अर्थ, कपलर

फ्यूज बहुधा 30 अँपिअरचा असतो. काही गाड्यांत फ्यूजऐवजी आपोआप जुळणारा सर्किट ब्रेकर असतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तार घालणे हा गुन्हा समजावा. फ्यूजने जळायचे ते मग वायरीने जळायचे, आणि वायर असते फोम आणि कापडाच्या खाली. फोम आणि कापड कसे पेटते ते आम्हा कापडवाल्यांना कोणी सांगायला नको.

सीटखालचा मुख्य कपलर हा जुन्या गाडीचा खरा रोगी. पाणी, सांडलेला चहा, ओल्या चपला हे सगळे तेथेच मुरते. 26 जुलै 2005 च्या मुंबईच्या पुरात, जेव्हा सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, कितीतरी गाड्या सीटपर्यंत बुडाल्या होत्या. अशी गाडी वरून चकचकीत केली तरी कपलर उघडला की आतल्या पिना हिरव्या निघतात. जुनी गाडी घेताना सीटखाली हात घालून हा कपलर पाहावा, गाडीची जन्मपत्रिका तेथे सापडते.

येथे मीटर वापरण्यातील एक मोठी चूक सांगतो. कपलर सोडून मीटर लावले, 12 व्होल्ट दिसले, आणि “करंट येतो आहे” असा निकाल दिला. हे चुकीचे आहे. वायरीच्या वीस तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी मीटर 12 च दाखवील, कारण मीटर भार टाकत नाही. सुताच्या एका धाग्याला रिकामी बॉबिन टांगली तर टिकते, भरलेली टांगा, मग पाहा. म्हणून कपलर जोडलेला ठेवून, मागून पिन खुपसून, बटण दाबलेले असताना मोजावे. बॅटरीच्या निगेटिव्हपासून सीटच्या अर्थ वायरीपर्यंत मोजले तर दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून करंटच्या वायरीपर्यंत मोजले तर अर्धा व्होल्टच्या आत असावे. जास्त दिसले तर तेवढी वीज वाटेतच खर्च होते आहे. अर्थची वायर जर्मन गाड्यांत तपकिरी आणि जपानी गाड्यांत बहुधा काळी असते. ती बॉडीला जेथे स्क्रूने बसते तेथला रंग-गंज घासून, पुन्हा घट्ट आवळून, वर थोडे ग्रीस लावले की पुष्कळ ‘मेलेल्या’ सीट उठून बसतात. खर्च शून्य.

स्विच

स्विच उघडताना बारीक स्प्रिंगा आणि गोळ्या उडतात. उस्ताद तो पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून उघडतात, उडाले तरी पिशवीतच राहते. आतल्या पत्र्यांवर काळी राख जमलेली असते. ती पेन्सिलीच्या खोडरबराने किंवा अगदी बारीक एमरीने काढावी, कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा. जाड पॉलिश पेपर घासू नये, पत्र्यावरचा मुलामा निघतो आणि दोन महिन्यांत ग्राहक पुन्हा दारात उभा राहतो.

सीट बाहेर काढणे

येथे एक गंमत आहे. सीटचे चार बोल्ट असतात. पुढचे दोन उघडण्यासाठी सीट मागे न्यावी लागते, मागचे दोन उघडण्यासाठी पुढे. आणि सीट तर हलत नाही! माझ्या गाडीत ती पूर्ण पुढे असल्याने मागचे बोल्ट लगेच निघाले, पुढचे झाकलेले. अशा वेळी मोटरच्या दोन जाड वायरींना बॅटरीवरून वेगळी जोडणी द्यावी, पण मध्ये 15-20 अँपिअरचा फ्यूज घातलेल्या वायरीनेच. मेमरीवाल्या सीटमध्ये मोटरला दोन जाड वायरींखेरीज बारीक वायरीही असतात, त्या जागा मोजणाऱ्या सेन्सरच्या असतात. त्यांना 12 व्होल्ट दिले तर सेन्सर आणि कंट्रोल पेटी दोन्ही जातील. मोटर फिरतच नसेल तर ती सोडून दांड्याचे किंवा केबलचे चौकोनी टोक ड्रिल मशिनमध्ये धरून अगदी हळू फिरवावे.

माझ्या गाडीत उस्तादांनी टॉर्च आणि आरसा घेऊन आधी खाली पाहिले आणि हसू लागले. रेलच्या दांड्यावर पांढरे सूत गुंडाळलेले होते, बोटभर जाड आणि ग्रीसमध्ये भिजून दोरखंडासारखे घट्ट. मी नमुन्याचे कोन मागच्या सीटसमोर खाली ठेवतो. कधीतरी एका कोनाचे टोक रेलमध्ये गेले आणि सीट जेव्हा जेव्हा हलली तेव्हा तेव्हा दांड्याने ते चातीसारखे ओढून घेतले. त्या दिवशी सीट शेवटपर्यंत पुढे गेली आणि नट त्या गाठीत रुतला. ब्लेडने कापून, चिमट्याने ओढून तासाभरात सारे काढले, दांडा रॉकेलच्या फडक्याने पुसला, लिथियम ग्रीस लावले. पातळ तेल लावू नये, त्याला धूळ आणि कापसाची लव चिकटते. खाली आणखी निघाले ते असे : तीन नाणी, एक पेन आणि तसबीहचे आठ-दहा मणी.

केबल, गिअर आणि एक सावधगिरी

केबलवाल्या सीटमध्ये वर्षांनुवर्षांनी आतल्या तारेचे टोक गिअरपेटीतून थोडे बाहेर सरकते आणि चौकोनी भोकात नुसते घसरते. एक बाजू चालते, एक राहते, सीट तिरकी होते. टोक झिजून गोल झाले नसेल तर नवीन केबल लागत नाही. बाहेरची नळी एका टोकाकडून 5 ते 8 मिलिमीटर कापावी, म्हणजे आतली तार तेवढी खोल बसते. जोडण्यापूर्वी दोन्ही रेल एकाच जागी आणाव्यात. दोन्ही बाजू ड्रिलने हळूहळू शेवटच्या टोकापर्यंत नेणे हा सोपा उपाय. हे न करता जोडले तर सीट कायम तिरकी राहील आणि मोटरवर भार येईल.

मोटरचे कार्बन संपले असतील तर त्याच रुंदीचे कार्बन घासून बसवता येतात, कॉम्यूटेटर बारीक एमरीने साफ करावा. मोटरच्या डब्याला हातोडी मारू नये, आतले चुंबक मातीच्या भांड्यासारखे तडकतात. तापमानाचा रक्षक शॉर्ट करून टाकण्याची काहींना सवय आहे. ती सोडावी, सीटखाली आग लागण्याची ती खात्रीची वाट आहे.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. हाताने सरकणाऱ्या सीटला दातेरी खटका असतो, तो सीट धरून ठेवतो. विजेच्या सीटला असा खटका बहुधा नसतो. दांडा, नट आणि गिअर हेच सीटला जागेवर धरतात. गाडी धडकली तर माणसाचा सगळा झोक त्यांच्यावर येतो. म्हणून गेलेला नट लेथवर नायलॉनचा करून बसवणे, रेलला वेल्डिंग मारणे, तुटलेल्या गिअरला एपॉक्सी लावणे हे प्रकार करू नयेत. सीट चालेल, ग्राहक खूश होईल, आणि एके दिवशी कोणाच्या तरी घरी जनाजा उठेल. येथे जुन्या गाडीची मूळ रेल शोधून लावणे एवढाच मार्ग. सीटचे बोल्टही पुस्तकात दिलेल्या जोराने टॉर्क रेंचने आवळावेत.

जुना माल घेताना आणि विकताना

कुर्ला किंवा चोरबाजारात रेल-मोटर घेताना त्यावरचा पार्ट नंबर जुळवावा, नुसता चेहरा नव्हे. डावीकडे स्टिअरिंग असलेल्या परदेशी गाडीतून निघालेली ड्रायव्हरची सीट आपल्या ड्रायव्हरच्या बाजूला बसत नाही. दुकानातच बॅटरीवर दोन्ही दिशांनी, टोकापासून टोकापर्यंत चालवून घ्यावी.

विकणाऱ्या बंधूंनाही सांगणे आहे. ‘खियार-ए-ऐब’ आपण मदरशात ऐकतो आणि दुकानाच्या पायरीवर विसरतो. मालात आधीपासूनचा लपवलेला दोष निघाला तर घेणाऱ्याला माल परत करण्याचा हक्क आहे. “मोटर चालते, पण मागे जाताना आवाज करते” एवढे एक वाक्य बोलून विकले तर कदाचित दोनशे रुपये कमी मिळतील, पण भांडण नाही आणि ग्राहकही परत येतो. मी कापडात हेच करतो. थानात डाग असेल तर पट्टी लावून दाखवतो, आणि इतक्या वर्षांत त्यामुळे धंदा बुडालेला पाहिला नाही. कारागिरानेही बदललेला जुना भाग ग्राहकाच्या हातात द्यावा. काय काढले हे पाहिल्यावर बिलावर वाद होत नाही.

मेमरीवाली सीट असेल तर बॅटरी जोडल्यावर ती प्रत्येक दिशेने टोकापर्यंत एकदा न्यावी. काही गाड्यांत त्यानंतरच तिला आपली जागा कळते आणि जुन्या मेमरी पुन्हा भराव्या लागतात. रेडिओचा कोड असेल तर बॅटरी सोडण्यापूर्वीच लिहून ठेवावा.

माझे काम एकूण तीन तासांत झाले. अर्थचा एक गंजलेला स्क्रूही बदलला. बिल 1,800 रुपये. ते गुंडाळलेले सूत उस्तादांनी कागदात बांधून बिलाबरोबर माझ्या हातात ठेवले. घरी येऊन वजन केले तर सत्तर ग्रॅम भरले. कोन आता डिकीत, डब्यात बंद असतात.